हनुवटीखालचा उजेड

चिटणिसाने खोक्यातला पुढचा फोटो उचलला आणि त्याला वाटलं, हा कोण गृहस्थ एवढा हसतोय. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा असलेला एक माणूस, मान मागे टाकलेली, डोळे गच्च मिटलेले, तोंड असं उघडं की आतली पडलेल्या दाढेची जागा दिसावी, आणि हनुवटीच्या जरा खाली, हवेत, कुणीच न धरलेला कपड्यांचा एक चिमटा. फोटो काळापांढरा. क्लबच्या वार्षिक स्पर्धेचे फोटो तारांवर लावून लावून त्याची नजर आता अशी झाली होती की आधी चुका दिसत आणि मग चित्र, त्यामुळे फोकस चेहऱ्यावर नसून शिडीच्या पायरीवर बसलाय हे त्याने लगेच टिपलं, परीक्षक इथेच गुण कापणार असं मनात म्हटलं, उजेड मात्र कुणा जाणकाराने सांभाळलाय अशी दादही दिली, आणि फोटो तारेला लावावा म्हणून तोंडातला चिमटा काढायला हात वर नेला. तिथेच हात थांबला. फोटो लावताना चिमटे तोंडात धरायची खोड अख्ख्या क्लबात एकाच माणसाला होती. मग त्याला शर्टाचा खिसा दिसला. तो उसवला तेव्हा बायकोने हाताला लागेल त्या दोऱ्याने शिवून टाकला होता, आणि फोटोत रंग नसले तरी दोरा त्या शर्टाचा नव्हे हे कळत होतं. चिटणीस शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि चिमटा तोंडात तसाच ठेवून स्वतःकडे बघत राहिला.

स्वतःला तो चांगला ओळखून होता, निदान तशी त्याची समजूत होती. बरण्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. झाकण नीट बसतं की नाही एवढं दिवसभर बघायचं, आणि ते काम तुमच्या अंगात मुरलंय असं बायको म्हणायची. नाकासमोर चालणारा, मोजकं बोलणारा, कुणी विनोद केला तर 'बरं' म्हणणारा माणूस. फोटोंचं म्हणाल तर त्याच्याइतके फोटो त्या क्लबात कुणाचे निघाले नसते. बाबांचा स्टुडिओ होता, ओळखपत्रांचे फोटो काढून देणारा, आणि सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत दिवे बरोबर पडतात का हे बघायला बाबा त्याला स्टुलावर बसवायचे. हलू नकोस, हसू नकोस, डोळे उघडे. मग खटका. शाळेच्या गणवेशातला तो, ओठावर लव आलेला तो, नोकरीच्या पहिल्या दिवशी इस्त्रीच्या शर्टातला तो, आणि सगळीकडे तोंडावरची माशी न हलू देणारा एकच चेहरा, वय तेवढं त्याच्यावर चढत गेलेलं. हसरा फोटो कुठलीच कचेरी घेत नाही, डोळे मिटलेला तर नाहीच नाही, बाबांचा सगळा धंदा या दोन गोष्टींवर उभा होता. आईचा भिंतीवरचा फोटोसुद्धा त्याच स्टुलावरचा, त्याच शिस्तीतला. आणि आई तर अशी हसायची की हातातलं भांडं खाली ठेवून आधी बसून घ्यायची. स्टुलावर बसवलं की तिला हटकून हसू फुटायचं, बाबा म्हणायचे, हसतेस काय, फिल्म वाया जाईल, मग ती पदराने तोंड पुसून गंभीर व्हायची आणि तेवढ्यात खटका. आई गेली तेव्हा तिचं हसू कुठेच शिल्लक नाही असं त्याला वाटलं होतं आणि ते मनाला फार लागलं होतं. आता ते त्याच्या हातात होतं. मान मागे टाकण्याची ती तऱ्हा, डोळे मिटून घेणं, हसण्याच्या भरात उजवा खांदा वर जाणं, सगळं तिचं, फक्त खाली त्याचा शर्ट. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाची जरा भीतीही वाटली, कारण हे सगळं आपल्या तोंडावर होतं आणि आपल्याला कुणी कधी सांगितलं नाही, म्हणजे आणखी काय काय असेल कुणास ठाऊक.

आणि घोडं अडलं ते पुढे. पदाधिकाऱ्याचा चेहरा असलेला फोटो स्पर्धेत घ्यायचा नाही असा क्लबचा नियम होता, आणि तो नियम खुद्द चिटणिसानेच करून घेतला होता. कारण घडलं होतं तसंच. एका वर्षी तेव्हाच्या अध्यक्षांच्या मिशांवर सभासदांचं प्रेम अचानक उतू गेलं. सकाळच्या उन्हातल्या मिशा, चहाच्या वाफेतल्या मिशा, नातवाने ओढलेल्या मिशा, तारांवर जिकडेतिकडे मिशाच. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना यंदाचा विषयच 'मिशा' आहे असं वाटलं आणि त्यांनी त्यावर भाषण ठोकलं. त्यानंतर चिटणिसाने कानाला खडा लावला. नियम सगळ्यांना सारखा, चिटणिसाला तर आधी लागू. म्हणजे हा फोटो काढून ठेवायला हवा होता. आणि तारेवरून फोटो काढून ठेवणं म्हणजे नुसतं बक्षीस हुकणं नव्हे. या क्लबाची एक जुनी पद्धत होती. फार पूर्वी कुणी एक परीक्षक दुपारभर प्रत्येक फोटोसमोर उभे राहून 'दम नाही' एवढंच म्हणत पुढे गेले होते, तेव्हापासून ठरलं की परीक्षकाने आधी दिसतं ते सांगायचं, समोर न बघणाऱ्यालाही कळेल असं, आणि मग वाटतं ते. होता होता लोक निकालापेक्षा त्यासाठीच यायला लागले. बक्षीस एकाला मिळतं, पण आपला फोटो परक्याच्या तोंडून ऐकायला सगळ्यांना मिळतो. आपल्या फोटोची पाळी आली की ओळख देऊ नये म्हणून जो तो छताच्या पंख्याकडे बघत बसायचा, आणि जो पंख्याकडे बघतोय त्याचाच फोटो चालू आहे हे सगळ्या सभागृहाला कळायचं. कुणीतरी हा फोटो दिला होता म्हणजे कुणीतरी आज इथे बसून ऐकणार होतं.

पाकिटं घेऊन फोटोंच्या पाठीवर नंबर चिकटवायचं काम क्लबच्या खजिनदाराकडे होतं. त्या दातांच्या डॉक्टर, आणि पाकिटं त्यांच्या दवाखान्यातच द्यायची असल्यामुळे स्पर्धा जवळ आली की सभासदांचे दात हटकून दुखायला लागतात अशी त्यांची तक्रार असायची. त्या खुर्च्या मांडून घ्यायला आल्या तेव्हा चिटणिसाने फोटो त्यांच्यासमोर धरला आणि हा घेतलात कसा असं विचारलं. त्या म्हणाल्या, शुल्क भरलं होतं, पाकीट वेळेत आलं होतं, न घेऊन सांगते कुणाला.

"पण यात मी आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा चढवला, फोटो लांब धरला, जवळ आणला. "छे, तुम्ही कुठले," त्या म्हणाल्या. मग बोट फोटोच्या तोंडावर ठेवलं. "अरे देवा. ही दाढ तर मीच काढली."

माणूस ओळखला नाही आणि दाढ ओळखली, यावर त्या स्वतःच हसत सुटल्या. चिटणीस हसला नाही. कुणाचा आहे, त्याने विचारलं. त्यांनी मान हलवली. नंबर कुणी विचारायचा नाही, हाही नियम तुमचाच, हे त्यांनी अगदी गोडीने सांगितलं. काढणार का मग, त्यांनी विचारलं. नियम आहे, तो म्हणाला. आहे खरा, असं म्हणून त्या खुर्च्यांकडे गेल्या, पण जाताना पुन्हा एकदा त्या दाढेकडे बघून गेल्या.

तो फोटो घेऊन खिडकीशी गेला. नाव कळणार नव्हतं, पण फोटोला नाव लागतंच असं नाही, हे त्याला वाचनालयाच्या या वरच्या सभागृहात इतकी वर्षं काढल्यावर कळत होतं. या खोलीत उजेड एकाच बाजूने येतो, या मोठ्या खिडकीतून. शिडीवर मान मागे टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली सावली पडायला हवी, चांगली काळी. ती नव्हती. हनुवटीखाली, गळ्यावर, अगदी वर गेलेल्या नाकाच्या खालीसुद्धा मऊ उजेड होता, खालून आलेला. उजेड खालून येत नाही, आणावा लागतो. स्टुलावर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मांडीवर बाबा पांढरा पुठ्ठा ठेवायचे. हे कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, गळ्याखाली अंधार असला की माणूस चोर दिसतो. चिटणिसाने तो पुठ्ठा हजारदा मांडीवर घेतला होता, त्याची कड गुडघ्याला कापायची तेही त्याला आठवलं. आणि मग एकाएकी गेल्या वर्षीची सकाळ सगळी उघडून समोर आली. घरात रंगकाम चाललं होतं, वासाने बाबांना खोकला येत होता, म्हणून स्पर्धेचे फोटो लावायला येताना तो त्यांना बरोबर घेऊन आला होता आणि याच खिडकीशी खुर्ची टाकून दिली होती. बाबांची नजर तोवर मधूनच गेली होती. मधूनच म्हणजे खरोखर मधून. कडेचं दिसायचं, दार, टेबल, खिडकी, समोर उभ्या असलेल्या माणसाचे हातपाय, पण ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंडच तेवढं नाहीसं व्हायचं. जन्मभर तोंडंच बघितलेल्या माणसाची ही अशी थट्टा झाली होती, आणि बाबा त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. मांडीवर त्यांचा जुना कॅमेरा होता, तो ते हल्ली कुठेही जाताना पिशवीसारखा बरोबर घेत. थोड्या वेळाने ते म्हणाले, तो चहाच्या टेबलावरचा पांढरा कपडा इथे जमिनीवर अंथर, डोळ्यांना बरं वाटतं. चिटणिसाने अंथरला. शिडी इकडे घे, तिकडे अंधार आहे. घेतली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं कशाला, असं म्हणत तो त्या पांढऱ्या कपड्यावर शिडी टेकवून चढला होता आणि आपण बाबांची समजूत काढतोय असं त्याला वाटत होतं. वरून त्याने एक फोटो बाबांना दाखवला होता, क्लबच्या एका होतकरू सभासदाचा, मुद्दाम कॅमेरा हलवून काढलेली सगळी धुरकट रेघारेघांची गर्दी. बाबांनी मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने तो नीट बघितला आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "त्यांना म्हणावं या परत. फुकट काढून देतो." आणि मग. मग काय झालं ते आता हातात होतं. खटका ऐकू आला नव्हता, कारण तो हसत होता.

त्यांना तोंड दिसलं नसणार. हा विचार आला आणि चिटणीस खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. शिडी दिसली असेल, उजेड दिसला असेल, फोकसचं अंतर त्यांनी जुन्या सवयीने हातानेच धरलं असेल आणि ते पायरीवर गेलं. पण तोंडाच्या जागी त्यांना काहीच दिसलं नसणार. ते फक्त ऐकत होते, आणि जे ऐकू आलं त्यावर त्यांनी बोट दाबलं. त्या आवाजावर. स्टुलावर ज्या आवाजाला त्यांनी आयुष्यभर गप्प केलं त्या आवाजावर. नंतर कुणीतरी रोल धुऊन आणला, फोटो छापून आणला, दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलं आणि घरी येऊन मूग गिळून बसलं, आणि हे कुणीतरी त्याच्याच घरात राहत होतं. पण बाबांनी फोटो मोठा करून मागितला नाही, हाताने चाचपून बघितला नाही, सुनेला विचारलं नाही की कसा आलाय. स्पर्धेला दिला. ज्या क्लबाला ते हौशी लोकांचा अड्डा म्हणत त्याच्या स्पर्धेला. आता त्याला आठवलं की परवा जेवताना बाबांनी सहज विचारलं होतं, तुमचा परीक्षक अजून सगळं सांगतो का रे, काय काय दिसतं ते. सांगतो, तो म्हणाला होता. आणि मी येतो या वर्षी, बाबा म्हणाले होते, घरात कंटाळा येतो. बक्षीस कुणाला हवं होतं. त्यांना आपला फोटो ऐकायचा होता, तोही तिऱ्हाइताच्या तोंडून, कारण घरचे लोक चांगलंच सांगतात.

पुढचा तासभर चिटणिसाने तो फोटो तारेला लावला आणि काढला, लावला आणि काढला. लावला की मिशा आठवायच्या. बापाचा फोटो, त्यात स्वतःचं तोंड, आणि नियम गुंडाळून ठेवणारा पुन्हा आपणच. काढला की खिडकीजवळची रिकामी खुर्ची दिसायची. झाकण एकतर बसतं किंवा बसत नाही, असं म्हणून झोपी जाणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती, आणि गंमत म्हणजे त्याला मधूनमधून आपोआप हसू येत होतं, नुसता हातातल्या माणसाकडे बघून.

दुपारी सभासद जमले. बायको बाबांना हाताला धरून घेऊन आली. बाबा गुळगुळीत दाढी करून आले होते. त्यांना खिडकीशी बसवून ती तारांखालून एक फेरी मारून आली, फोटो बघतोय असं दाखवत, पण तिची नजर कशावरच ठरत नव्हती. शेवटी ती त्याच्याजवळ आली.

"अहो, सगळे लागले का?"

"नियमात बसतात ते लागले."

ती खाली बघून हळूच म्हणाली, "बाबांनी कोट घातलाय."

त्याने बघितलं. घातला होता. बरण्यांच्या झाकणांविषयी जगात जेवढं कळण्यासारखं आहे तेवढं कळणाऱ्या त्या माणसाला त्या कोटाकडे बघवेना.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई वर्तमानपत्रात छायाचित्रकार होत्या, मोकळ्या आवाजाच्या, आणि त्यांना ती पद्धत फार आवडली. एका पाण्याच्या टाकीचा फोटो त्यांनी असा सांगितला की टाकी गळतेय असं वाटावं. एका झोपलेल्या मांजराशी त्या इतक्या रेंगाळल्या की मांजराचे मालक पंख्याकडे बघता बघता लाल झाले. बाबा प्रत्येक वेळी कान देऊन ऐकत होते. टाकी झाली, मांजर झालं, पूल झाला, भाजीवालीचे हात झाले. प्रत्येक नव्या फोटोला बाई 'इथे मला दिसतं' असं म्हणून सुरुवात करत आणि बाबा खुर्चीत जरा सरसावत, मग तो आपला नव्हे असं कळलं की परत टेकत. हे चिटणिसाने बघितलं. फोटो संपत आले तसे ते टेकायचे थांबले आणि सरसावूनच बसून राहिले. शेवटचा फोटो झाला. बाईंनी कागद गोळा केले, टाळ्या झाल्या, चहा आहे असं डॉक्टरबाईंनी जाहीर केलं, खुर्च्या वाजल्या. बाबांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"एक मिनिट," चिटणीस म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि लोक उठता उठता थांबले. फोटो त्याच्या हातात होता. तो म्हणाला की हा फोटो स्पर्धेत नाही, नियमात बसत नाही, आणि तो नियम माझाच असल्यामुळे मला बोलायला तोंड नाही. पण दिसतं ते सांगायला कुठला नियम आड येत नाही. परीक्षक बाईंनी हात पुढे केला, द्या, मी सांगते. त्यालाही तेच बरं वाटलं असतं. पण तो नाही म्हणाला, आणि का म्हणाला ते त्याला पुढे कितीतरी दिवस उलगडलं नाही.

"इथे मला दिसतं," त्याने सुरुवात केली आणि घसा साफ केला. "इथे मला एक माणूस दिसतो. शिडीवर. शर्टाचा खिसा वेगळ्या दोऱ्याने शिवलाय. उजेड डावीकडून, खिडकीचा, आणि खालूनही, कारण खाली कुणीतरी पांढरा कपडा अंथरून घेतलाय. गळ्याखाली अंधार नाही. माणूस चोर दिसत नाही."

एकेक सभासद, सवयीने म्हणा की माणुसकीने म्हणा, पंख्याकडे बघायला लागला, आणि बघता बघता अख्खा क्लब मान वर करून बसला. बाबा तेवढे पंख्याकडे बघत नव्हते. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. नवख्याला वाटलं असतं की म्हातारा रुसलाय, पण चिटणिसाला माहीत होतं की समोरच्याला बघायचं असलं की बाबांना त्याच्यावरून तोंड फिरवावं लागतं.

"फोकस पायरीवर गेलाय," तो पुढे म्हणाला. "चेहरा जरा धूसर आहे. तोंडातला चिमटा सुटून हवेत आहे, कारण माणूस हसतोय. पुष्कळ हसतोय. मान मागे टाकून, उजवा खांदा वर करून. आतली दाढ नाही तेही दिसतंय." इथे डॉक्टरबाईंनी खोकल्यासारखं केलं. "माणूस कोण ते मला आधी ओळखू आलं नाही. हसू ओळखू आलं. हसू त्याच्या आईचं आहे. जसंच्या तसं."

बायकोने पदर तोंडाला लावला. बाबा खिडकीकडे तोंड करून तसेच बसले होते आणि त्यांचा हात खुर्चीच्या हातावरून जरा उचलला गेला आणि परत टेकला. मग धंद्यातल्या माणसाच्या कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं,

"डोळे?"

"मिटलेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

बाबांनी मान हलवली, जन्मभर असे फोटो फाडून टाकलेल्या माणसाने हलवावी तशी. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि ते मिटलेले राहावेत म्हणून ते खटपट करत होते. मग त्यांनी मांडीवरचा कॅमेरा सरळ केला.

"मग परत काढावा लागेल," ते म्हणाले. "कपडा आण."

पंख्याकडे लागलेल्या सगळ्या माना खाली आल्या. टेबलावर चहाचे कप मांडलेले होते, ते सभासदांनी आपापल्या हातात घेतले, ज्यांना दोन मिळाले ते दोन्ही हातांत धरून उभे राहिले, आणि चिटणिसाने टेबलावरचा पांढरा कपडा ओढून खिडकीशी अंथरला. परीक्षक बाईंनी शिडी आणून दिली. इकडे घ्या, बाबा म्हणाले, तिकडे अंधार आहे. तो चढला. वरून त्याला सगळे दिसत होते, कप धरलेले, मूठभर उजेडात दाटीवाटीने उभे, आणि खाली कोट घातलेले त्याचे बाबा, कॅमेरा डोळ्याला लावून कान त्याच्याकडे केलेले.

"हलू नकोस," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, दुसरं काहीच न सांगता, म्हणाले, "चिमटा धर तोंडात."

चिटणिसाने चिमटा तोंडात धरला, आणि तो तिथे फार वेळ राहिला नाही.